आजीचं केळं, आबांचं केळं

प्रिय सई,

परवा व्हिडिओ कॉलवर आजीकडचा सत्यनारायण बघताना तू दोन प्रश्न विचारलेस. चौरंगाच्या चारही कोपऱ्यांना बांधलेली केळीची रोपं पाहून, "पूजेसाठी चार झाडं मारली?" आणि प्रसादानंतर आजीने आबांच्या हातातलं केळं काढून घेतलं तेव्हा, "आजी रोज खाते, मग आबांना का नाही?" तेवढ्यात तिकडे पाहुणे आले आणि कॉल संपला. दोन्ही प्रश्न मला फार आवडले, म्हणून सवडीने उत्तर लिहितो आहे.

केळ हे मुळात झाड नाहीच. तिच्यात लाकूड नसतं. आपण ज्याला खोड म्हणतो ती एकमेकांवर घट्ट गुंडाळलेली पानांची सोपटं असतात, आणि खरं खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. फळाचीही गंमत आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात केळं द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या गटात बसतं.

आबांनी रावेरच्या शेतात आयुष्यभर केळीच लावली. जून-जुलैची लागवड ती मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरची ती कांदेबाग. केळ निसवली, म्हणजे पोंग्यातून केळफूल बाहेर पडलं, की घड तयार व्हायला तीन-चार महिने लागतात. एक केळ आयुष्यात एकदाच घड देते. तो उतरवल्यावर तिला कितीही पाणी घाल, पुन्हा फळ धरणार नाही. पण तोवर कंदाच्या कडेने पिलं फुटलेली असतात. ती सगळी वाढू दिली तर घडाचं पोषण वाटलं जातं आणि केळी बारीक राहतात, म्हणून शेतकरी एखादं पील पुढच्या पिकासाठी राखतो आणि बाकीची कापून टाकतो. चौरंगाला बांधलेले खुंट आजीच्या परसातली अशीच काढलेली पिलं होती. कुणाला मारलं नाही, राणी. पूजा उतरल्यावर ती शेजारच्या गाईच्या पुढ्यात गेली.

आपल्याकडे पूजेला केळीच का, याची पोथीतली कारणं तुला आजी सांगेल. मला दिसतं ते एवढंच, की जिथे केळ परसात उगवते तिथे तिचं काहीच वाया जात नाही. पानावर जेवण वाढतात, पिकलेलं केळं प्रसादाच्या शिऱ्यात आणि पंचामृतात पडतं, कच्च्याचे वेफर्स होतात. केळफुलाची भाजी मात्र धीराच्या माणसाचं काम. आजी हाताला तेल लावून बसते, एकेक पाकळी उलगडते आणि आतल्या प्रत्येक बारक्या फुलातला न शिजणारा दांडा आणि पातळ पापुद्रा काढून टाकते. मग बारीक चिरून रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवते, म्हणजे चीक आणि तुरटपणा जातो. सकाळी काळे वाटाणे, ओलं खोबरं, थोडा गूळ. पुढच्या वेळी तिच्या शेजारी बसून हे शिकून घे, मला अजून तिच्यासारखं जमत नाही. वसईकडे तर राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि त्यांची सुकेळी करतात. ती महिनोन् महिने टिकतात आणि मधासारखी गोड लागतात.

आता इथली, इंग्लंडमधली गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात आपण डर्बीशायरमधला चॅट्सवर्थचा वाडा बघायला गेलो होतो ना? 1830च्या दशकात तिथल्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्याने मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप वाढवलं आणि मालकाच्या आडनावावरून त्या जातीला कॅव्हेंडिश नाव पडलं. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात ती केळी कॅव्हेंडिशच. आबांच्या शेतातली बसराई आणि आताची ग्रँड नैन हीसुद्धा त्याच गटातली. म्हणजे तू डब्यात नेतेस आणि आबांनी पिकवली ती केळी एकमेकांच्या अगदी जवळची नातेवाईक आहेत. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आबांनी सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं.

या केळ्यात रुजणारं बी नसतं. आत दिसतात ते काळे ठिपके म्हणजे बियांच्या नुसत्या खुणा. नवीन रोप पिलापासून किंवा प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने करतात, त्यामुळे एका जातीची सगळी रोपं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. एकाला जो रोग मारतो तो सगळ्यांना मारू शकतो. कॅव्हेंडिशच्या आधी जगभर ग्रोस मिशेल नावाचं केळं विकलं जायचं. मातीतल्या बुरशीच्या पनामा रोगाने त्याच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि 1950-60च्या काळात व्यापाऱ्यांना जात बदलावी लागली. त्याच बुरशीचा नवा प्रकार आता कॅव्हेंडिशवर उलटला आहे. आबांना याची खरी काळजी आहे आणि मलाही.

आता आबांचं केळं. म्हाताऱ्या माणसांना केळं आवडतं यात नवल नाही. सोलायला सोपं, धुवायला नको, कवळी काढून ठेवलेली असली तरी खाता येतं, एकादशीला चालतं. आजीचं रात्रीचं जेवण कित्येकदा पोळी आणि शिकरण एवढंच असतं. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. स्नायू आणि हृदय नीट चालायला ते लागतं आणि मिठामुळे वाढणारा रक्तदाब आटोक्यात ठेवायलाही मदत होते. जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. आजीची मूत्रपिंडं ठीक आहेत, तिला मधुमेह नाही, म्हणून तिला रोजचं केळं चालतं.

आबांची मूत्रपिंडं आता थकली आहेत. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातलं पोटॅशियम वाढवतात, त्यातली एक त्यांना चालू आहे. रक्तात ते फार साठलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून डॉक्टरांनी केळं बंद केलं. ज्याने जन्मभर केळी पिकवली त्याच्या हातातून ती काढून घेताना आजीला काय वाटत असेल, ते तिच्या चेहऱ्यावर तू पाहिलंसच. ती रागावली नव्हती.

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना डझनभर केळी न्यायची पद्धत आहे. प्रेमाची पद्धत आहे, पण घरच्यांना आधी विचारावं. जुलैत गेल्यावर आपण आबांसाठी सफरचंदं घेऊ, तीही आजीला विचारून. आणि केळी कशी निसवते हे तू त्यांनाच विचार. माझ्यापेक्षा कितीतरी छान सांगतील.

तुझा,
बाबा