ओळखीवाल्याचा उत्पन्नाचा दाखला लगेच, आमचा महिनाभर टेबलावर. राजापूर तालुक्यात राहतो, काय करावं?

आधी सांगा, अर्जाची पोच घेतलीत का? 'या चार दिवसांनी' म्हटलं की आपण मान डोलावून एसटी पकडतो, घोळ तिथेच होतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे अधिसूचित (म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या) सेवेला ठरलेली मुदत असते आणि ती कार्यालयात फलकावर लावावी लागते. (फलक कपाटामागे असेल, पण शोधा.) पोचीवरच्या क्रमांकावरून 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज कुठे अडकलाय ते बघता येतं.

मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत पहिलं अपील, त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे. मग दुसरं, त्यांच्याही वरच्या अधिकाऱ्याकडे; आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारण नसताना उशीर केल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ, पण दंडाची नोंद कोणाला नको असते. फेटाळला तर कारण लेखी मागा. 'साहेब मीटिंगला गेलेत' हे कारण नव्हे.

ओळखीवाल्याचं कसं झालं यावर भांडत बसू नका, सिद्ध होत नाही. तुमची टळलेली तारीख मात्र कागदावर असते. आणि मुंबईकर चाकरमान्यांनो, गणपतीच्या सुट्टीत तहसीलला रांग लावण्यापेक्षा अर्ज तिथूनच ऑनलाइन करा.