गोंगाटात गप्पा कशा होणार?

प्रश्न: आमचा ग्रुप महिन्यातून एकदा छोट्या बारमध्ये नाहीतर रेस्टॉरंटमध्ये बसतो, पण एका मैत्रिणीला हल्ली कमी ऐकू येतं, ती नुसती मान डोलवत बसते. काय करावं?

उत्तर: हे तुमच्या लक्षात आलं, बरं वाटलं वाचून. आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत मोठ्यानं बोलतो, फ्रेंच डॉक्टर लोंबार यांनी १९११ मध्ये हे मांडलं, आणि छोट्या जागेत काच, फरशी, उघड्या भिंती असल्या की आवाज आपटून परत येतो मग प्रत्येक टेबलावरचा आवाज अजूनच वर चढतो. गर्दीच्या आधी जा, स्पीकरपासून लांबचा कोपरा मागा, तिला भिंतीला पाठ करून बसवा आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवाच, ओठ दिसले की बरंच समजतं. कानाच्या डॉक्टरकडेही कुणीतरी सोबत जा तिच्या, एकटीला नका पाठवू.