एनलाइटने एक्सपीची सीडी लहान करताना काय काढावं, काय ठेवावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: रेडियम कटिंगच्या जुन्या प्लॉटरचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं. मशीन बदललं, आता मूळ सीडी बूट होते, सेटअपचा निळा पडदा येतो आणि हार्ड डिस्क सापडत नाही म्हणून सेटअप थांबतो. म्हणून एनलाइट (विंडोजच्या सीडीतून नको ते काढून, हवं ते घालून देणारं सॉफ्टवेअर) वापरून, नको ते काढून, ड्रायव्हर घातलेली छोटी बूटेबल सीडी तुम्हाला बनवायची आहे. मी बरीच वर्षं छापखान्यांची आणि डीटीपीवाल्यांची मशीनं सांभाळतो. अशा सीड्या खूप बनवल्या, म्हणून लिहितो.

सीडीआधी बायोस, म्हणजे मशीन चालू होताना उघडणारं मदरबोर्डचं सेटिंग, उघडा. साटा कंट्रोलरचा (हार्ड डिस्क चालवणाऱ्या भागाचा) मोड तिथे एएचसीआय, म्हणजे नव्या पद्धतीचा, असेल तर तो आयडीई किंवा कंपॅटिबल करून मूळ सीडी पुन्हा लावून बघा. एक्सपी २००१ ची आहे, एएचसीआयचा ड्रायव्हर तिच्यात नाहीच. त्या काळी सेटअप सुरू होताना एफ६ दाबून फ्लॉपीवरून तो द्यावा लागायचा. मोड बदलून डिस्क दिसली तर निम्मं काम तिथेच झालं. तो पर्यायच नसेल तर ड्रायव्हर सीडीत घालण्याशिवाय इलाज नाही.

आणि हे लक्षात घ्या: सर्व्हिस पॅक ३ (मायक्रोसॉफ्टने एकत्र दिलेल्या दुरुस्त्या) सह एक्सपी साधारण ६०० एमबीची होते आणि सीडी ७०० एमबीची असते. म्हणजे ती मावण्यासाठी काहीच काढावं लागत नाही. तुमचं खरं काम ड्रायव्हर घालण्याचं आहे. काढाकाढी हातचं राखूनच करा.

मूळ सीडी हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या आणि त्या फोल्डरची आणखी एक प्रत बाजूला ठेवा. चूक झाली की कोऱ्या प्रतीपासून सुरुवात करायची. एकदा छाटलेल्या फोल्डरवर पुन्हा एनलाइट चालवू नका. मागच्या वेळी काय निवडलं होतं ते लास्ट सेशन नावाच्या फाईलमध्ये राहतं, ती नव्या प्रतीला लावता येते. एनलाइटला डॉटनेट २.० लागतं, विंडोज १० वर डॉटनेट ३.५ चालू केलं की भागतं. सीडी सर्व्हिस पॅक नसलेली, अगदी पहिली असेल तर आधी त्यात सर्व्हिस पॅक ३ मिसळून घ्या. पहिल्या एक्सपीला १३७ जीबीच्या पुढची डिस्क दिसत नाही.

ड्रायव्हर घालताना एनलाइट विचारतं, टेक्स्टमोड (सेटअपच्या निळ्या पडद्यावरच लागणारा) की पीएनपी (विंडोज पुढे सुरू झाल्यावर लागणारा). हार्ड डिस्क कंट्रोलरला टेक्स्टमोडच निवडा. तो ३२ बिटचा, एफ६ फ्लॉपीसाठी दिलेला हवा, म्हणजे ज्यात टीएक्सटीसेटअप नावाची ओईएम फाईल असते तो. एक्झी इन्स्टॉलरचा उपयोग नाही. मग कंट्रोलरची यादी येते, त्यात आपल्या चिपसेटचं (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचं) नेमकं नाव निवडायचं. लॅपटॉपचं आणि डेस्कटॉपचं नाव एका अक्षराने वेगळं असतं. चुकीचं निवडलं तर डिस्क दिसत नाही किंवा ७बी ने संपणारा कोड दाखवत निळी स्क्रीन येते. तसं झालं तर आधी इथेच परत या.

आता काढायचं काय? गेम्स, एमएसएन एक्सप्लोरर, मेसेंजर, मूव्ही मेकर, एक्सपीची टूर, नमुन्याची गाणी आणि चित्रं, चिनी-जपानी-कोरियन फॉन्ट, जुन्या मोडेमचे ड्रायव्हर. हे गेल्याने तुमचं काही अडणार नाही. प्रिंट स्पूलर, विंडोज इन्स्टॉलर, यूएसबी आणि ज्या ओळीत सीरियल, पॅरलल किंवा पोर्ट हा शब्द दिसेल ती ओळ, यांना हात लावू नका. तुमचा प्लॉटर बहुधा कॉम पोर्टवरच असेल.

भाषांच्या यादीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मराठी माणसाचा घात तिथेच होतो. एका छापखान्यात मी अशीच छाटलेली सीडी घालून मशीन लावून दिलं. रोजचं काम पेजमेकरमध्ये श्रीलिपीवर चालायचं. ते फॉन्ट जुन्या पद्धतीचे, त्यांना विंडोजच्या देवनागरी सोयीची गरज नसते, म्हणून महिनाभर काही कळलंच नाही. मग एका गिऱ्हाइकाने लग्नपत्रिकेचा मजकूर युनिकोडमध्ये ईमेलने पाठवला. पडद्यावर नुसते चौकोन. तिथल्या मुलाने पेन ड्राईव्हवरून मंगल फॉन्ट आणून टाकला. चौकोन गेले, पण ‘श्री’च्या जागी पाय मोडलेला श आणि पुढे सुटा री, ‘चि.’ची वेलांटी च च्या पुढे जाऊन पडलेली, ‘प्रसन्न’ तर वाचवेना. अक्षरं होती, ती जोडणारं काही नव्हतं.

उपाय एरवी साधा असतो. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स उघडायचे, लँग्वेजेस टॅबवर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकोनात टिक करायची. १० एमबीचा प्रश्न. टिक केली की विंडोज सीडी मागतं. आम्ही माझी सीडी घातली, आणि तिच्यात आय३८६ (सेटअपच्या फाईलींचं फोल्डर) च्या आतलं लँग, म्हणजे भाषांचं, फोल्डरच नव्हतं, मीच काढून टाकलं होतं. पत्रिका दुसऱ्या दिवशी छापून द्यायची होती. मूळ सीडी आणून ते काम संपेपर्यंत रात्र झाली. जागा वाचवताना त्या दुकानाची भाषाच मी काढून टाकली होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून भाषांमध्ये इंडिक ठेवाच. शिवाय एनलाइटच्या अनअटेंडेड (सेटअपची उत्तरं आधीच भरून ठेवायच्या) पानावर रीजनल टॅबमध्ये इंडिक आधीच निवडून ठेवा. ही उत्तरं ज्यात राहतात त्या विननटीच्या सिफ फाईलमध्ये त्याचा लँग्वेजग्रुप क्रमांक १५ असतो. मग एक्सपी इन्स्टॉल होताच मराठी नीट दिसते, कुठे टिक करावी लागत नाही.

शेवटी बूटेबल आयएसओ (पूर्ण सीडीची एकच फाईल) एनलाइटलाच बनवू द्या. फोल्डरमधल्या फाईली नुसत्या सीडीवर कॉपी केल्या तर ती सीडी बूट होत नाही. बूटचा भाग साध्या फाईलसारखा फोल्डरमध्ये दिसत नाही, तो एल टोरिटो पद्धतीने डिस्कवर वेगळा नोंदवावा लागतो. आयएसओ झाल्यावर लगेच सीडी राईट करू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) एक रिकामं एक्सपी मशीन करून त्यात पूर्ण इन्स्टॉल करून बघा. मराठीतली एक फाईल उघडा, प्रिंट द्या. आपला खरा कंट्रोलर तिथे तपासला जात नाही, बाकीचं बरंच कळतं. मग सीडी सावकाश, कमी वेगाने राईट करा. जुने ड्राईव्ह घाईत राईट केलेल्या सीड्या वाचताना अडतात.

इंटरनेटवर ‘लाईट’ नावाने तयार आयएसओ फुकट मिळतात, त्या घेऊ नका. त्यांतून काय काढलंय आणि आत काय घातलंय हे सांगणारं कोणी नसतं. स्वतःची सीडी आणि कॅबिनेटच्या स्टिकरवरची की वापरा. ओईएमची (मशीनबरोबर आलेल्या विंडोजची) की ओईएमच्याच सीडीला चालते. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, म्हणून या मशीनला इंटरनेट देऊ नका. फाईली दुसऱ्या मशीनवर स्कॅन करून पेन ड्राईव्हने आणा.

मदरबोर्डचं किंवा चिपसेटचं नाव इथे लिहा. यादीत कुठली ओळ निवडायची ते सांगतो.