समाजशास्त्रीय संशोधनासाठी मोफत डेटा आणि शोधनिबंध ऑनलाइन कुठे मिळतील?

आधी ठरवा: देशपातळीवरचे आकडे हवेत की एकेका व्यक्तीची उत्तरं? या दोन्हींसाठी वेगळ्या जागा आहेत.

देशांची तुलना करायची असेल तर वर्ल्ड बँक ओपन डेटा पुरतो, नोंदणीही लागत नाही. सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) उघडल्यावर वरच्या चार ओळी माहितीच्या असतात, त्या वगळा. प्रत्येक वर्षाचा वेगळा स्तंभ असतो, ती वर्षं एकाखाली एक येतील अशी मांडून घ्या. जुने आकडेही नंतर सुधारले जातात, म्हणून डाउनलोडची तारीख लिहून ठेवा.

व्यक्तिपातळीसाठी वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे (अनेक देशांतल्या लोकांच्या मूल्यांचं सर्वेक्षण, १९८१ पासून) आणि जनगणनेच्या नमुन्यांसाठी आयपम्स इंटरनॅशनल. आयपम्सला अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते, तेव्हा आदल्या रात्री जाऊन उपयोग नाही. वर्ल्ड व्हॅल्यूजमध्ये ‘माहीत नाही’, ‘उत्तर दिलं नाही’ यांना -१, -२ असे ऋण संकेतांक दिलेले असतात. ते न काढता सरासरी काढली की ती खाली घसरते, आणि चूक पटकन लक्षातही येत नाही. म्हणून कोडबुक (कोणत्या संकेतांकाचा अर्थ काय ते सांगणारी पुस्तिका) आधी वाचा. भारांकाचा (प्रत्येक उत्तराला किती वजन द्यायचं त्याचा) स्तंभही वापरा, नाहीतर नमुन्यात जास्त घेतलेल्या गटाचं मत सगळ्या समाजाचं वाटू लागतं.

इतर संशोधकांचा डेटा हार्वर्ड डेटाव्हर्स आणि आयसीपीएसआर या डेटासंग्रहांवर शोधा. आयसीपीएसआरवरच्या काही फाइल्स फक्त सदस्य संस्थांसाठी असतात.

निबंधांसाठी सोशआर्काइव्ह (समाजशास्त्रीय निबंधांचा खुला संग्रह), कोअर (मोफत निबंध शोधायची जागा) आणि ब्राउझरमध्ये अनपेवॉल (निबंधाची मोफत प्रत शोधून देणारं एक्स्टेन्शन). सोशआर्काइव्हवरचे बरेच मसुदे समीक्षेआधीचे, म्हणजे इतर तज्ज्ञांनी अजून न तपासलेले असतात. छापील आवृत्ती निघाली असेल तर संदर्भ तिचाच द्या.