दहा दिवस घर सोडून जावे का?

प्रश्न : माझे वय 52 आहे. यजमानांच्या कंपनीत कर्मचारीकपात सुरू आहे आणि घरकर्जाचे हप्ते अजून बरीच वर्षे फेडायचे आहेत. सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला असून त्या दिवसभर एकच प्रश्न विचारत राहतात. मुलगा परदेशात आहे, त्याच्या व्हिसाचे काही खरे नाही. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. मैत्रीण म्हणते, इगतपुरीच्या विपश्यना शिबिराला जा, सगळे शांत होईल. यजमानांच्या मते ही पळवाट आहे. मी काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मैत्रिणीचा सल्ला चांगला आहे, तिचे आश्वासन मात्र अवाच्या सवा आहे. तुम्ही परत याल तेव्हा हप्ता तोच असेल आणि सासूबाईंचा प्रश्नही तोच.

यजमानांना एक गोष्ट जरूर सांगा. सत्यनारायण गोएंका यांनी 1969 साली भारतात विपश्यना ही ध्यानसाधना शिकवायला सुरुवात केली, हे अनेकांना ठाऊक असते; परंतु त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे कोणी संन्यासी नव्हते, तर ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते, हे फारसे सांगितले जात नाही. 1948 साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि थोड्याच महिन्यांत तेथे यादवी पेटली. त्या धामधुमीच्या वर्षांत हा गृहस्थ सरकारी हिशेब सांभाळत कचेरीतल्या सहकाऱ्यांना ध्यान शिकवत होता. गोएंका स्वतः व्यापारी होते आणि अर्धशिशीने हैराण होऊन त्यांच्याकडे गेले होते. पुढे लष्करी राजवटीने उद्योगांचे राष्ट्रीयीकरण केले, त्यात गोएंकांचेही उद्योग गेले. संसार आणि व्यवसाय ज्यांच्या गळ्यात होते अशाच माणसांच्या हातून ही साधना आपल्यापर्यंत आली आहे, त्यामुळे तिला पळवाट म्हणणे मला पटत नाही.

शिबिर सोपे नसते. पहाटे चारला घंटा होते, दिवसाकाठी सुमारे दहा तास बैठक असते, मोबाइल जमा करावा लागतो आणि मौन दहाव्या दिवशी सुटते. पहिले तीन दिवस नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे केवळ पाहायचे. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना तपासत जायचे, आणि गुडघा ठणकला तरी चिडायचे नाही, सुखद काही जाणवले तरी ते धरून ठेवायचे नाही. प्रत्येक संवेदना उमटते आणि ओसरते, हे स्वतःच्या अंगावर वारंवार अनुभवायचे, एवढाच हा अभ्यास आहे. शुल्क नसते, पूर्वी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळे चालते.

याचा तुमच्या घराशी संबंध कसा, ते पाहा. सासूबाईंनी ‘अण्णा आले का गं?’ असे पाचव्यांदा विचारले की तुमच्या तोंडून तिखट शब्द निघण्याआधी जबडा आवळला गेलेला असतो, कानशिले तापलेली असतात. ते तापणे तिथल्या तिथे लक्षात आले, तर उत्तर देण्यापूर्वी क्षणभराची उसंत मिळते, आणि ‘येतील हं, तोवर चहा घेऊ या’ असे म्हणणे त्या उसंतीतच शक्य होते. पहाटे तीनच्या विचारांचेही तसेच आहे. व्हिसाचा निकाल तुमच्या हाती नाही, पण त्या विचारासरशी छातीत होणारी धडधड तुम्ही पाहू शकता, आणि तिच्याशी झगडणे थांबवले की ती बहुधा हळूहळू ओसरते. मात्र यासाठी घरी आल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ बसावे लागते. ते न करता ‘आम्ही दहा दिवस मौनात होतो’ हे चारचौघांत ऐकवणारी मंडळीच मला अधिक भेटली आहेत.

काही काळज्यांना मात्र ध्यान नव्हे, कागद-पेन्सिल लागते. नोकरी गेलीच तर शिलकीत किती महिने निघतील, बँकेकडे हप्त्यांची फेररचना मागता येईल का, आरोग्यविमा कंपनीचा आहे की स्वतःचा, हे एका रविवारी यजमानांसह बसून लिहून काढा. आकडे वाईट निघाले तरी मोघम भीतीपेक्षा ते परवडतात.

शिबिराचा अर्ज भरण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी पाहा. झोप अशीच उडत राहिली, जेवणावरची वासना गेली किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर आधी डॉक्टरांकडे जा. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलिमानस या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांकही विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. औषधे चालू असतील तर ती अर्जात नमूद करा, परस्पर बंद करू नका. दुसरे म्हणजे, त्या दहा दिवसांत सासूबाईंपाशी कोण राहणार ते आताच ठरवा. नणंद किंवा जाऊ असेल तर तिला स्पष्ट विचारा, आणि दिवसपाळीला माहितीतल्या बाई ठेवणार असाल तर तुम्ही घरात असतानाच त्यांना आठवडाभर आधी बोलवा, म्हणजे सासूबाईंना तो चेहरा सवयीचा होईल.