एफडी मोडून अंतराळात जाऊन आलेला पॅच घ्यावा का?

डिचोलीच्या एका वाचकांचा मेल आलाय, थोडक्यात सांगतो. वय ३६, वेर्ण्याला फार्मा कंपनीत नोकरी, हातात महिन्याला ७२ हजार, घरात बायको, आई आणि पाचवीतला मुलगा, बचत म्हणाल तर ६ लाखांची एफडी, बाकी काही नाही. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला ॲक्सिअम-४ मधून स्पेस स्टेशनवर जाऊन आले तेव्हापासून यांना अंतराळात जाऊन आलेल्या वस्तूंचा नाद लागलाय. आता अमेरिकेतला एक डीलर स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगन यानाच्या खासगी मोहिमेत जाऊन आलेला मिशन पॅच (मोहिमेचं कापडी बोधचिन्ह), फ्रेम करून, साडेपाच लाखांना देतोय आणि हे विचारतायत की एफडी मोडू का, दहा वर्षांत पाचपट तरी होईल ना.

एफडी मोडू नका. नाद सोडा असं मी म्हणणार नाही, चांगला नाद आहे, पण तुम्ही त्याला गुंतवणूक म्हणताय तिथे माझं तुमच्याशी पटत नाही.

तुम्ही अपोलो ११ या चंद्रमोहिमेतल्या पिशवीचं उदाहरण दिलंय, ९९५ डॉलरला घेतलेली आणि २०१७ मध्ये सदबीजच्या लिलावात १८ लाख डॉलरला गेलेली. खरं आहे ते. पण ती पिशवी सरकारी लिलावात चुकीच्या ओळखीने विकली गेली होती, नंतर तिच्यात चंद्राची धूळ आहे हे नासानेच तपासून सांगितलं आणि परत द्यायला नकार दिला, ती विकत घेतलेल्या बाईंना कोर्टात जाऊन पिशवी सोडवून घ्यावी लागली. आणि एवढं होऊनसुद्धा लिलावघराने अंदाज २० ते ४० लाख डॉलरचा दिला होता, भाव त्याच्या खालीच राहिला.

तुमच्या पॅचला जवळचं उदाहरण दुसरं आहे. १९८३ मध्ये चॅलेंजर शटलच्या एसटीएस-८ फ्लाइटमधून अडीच लाखांच्या वर टपाल पाकिटं अंतराळात नेली आणि १५.३५ डॉलरला एक अशी लोकांना विकली. खरीखुरी जाऊन आलेली, सरकारी शिक्क्याची. आज चाळीस वर्षांनंतरही ती साधारण त्याच भावात सापडतात, म्हणजे महागाई धरली तर घेणाऱ्याचं नुकसानच. का, तर माल भरपूर. अपोलो मोहिमांत चंद्रापर्यंत गेलेली माणसं २४, त्या मोहिमा संपल्या, त्यातल्या वस्तू आता वाढणार नाहीत. खासगी मोहिमा अजून चालूच आहेत आणि प्रत्येक फ्लाइटमध्ये पॅच, झेंडे जातातच, तुमच्या वस्तूसारख्या अजून किती येतील हे कोणी सांगू शकत नाही.

आता कागदपत्रं, इथे जरा थांबतो कारण पैसे इथेच बुडतात. डीलरने पाठवलेला फोटो तुम्ही मला फॉरवर्ड केलात, त्यात सर्टिफिकेटवर फक्त ‘रेझिलियन्स कॅप्सूलमधून उड्डाण’ एवढंच लिहिलंय आणि खाली सही डीलरचीच. अहो, रेझिलियन्स ही क्रू ड्रॅगन कॅप्सूल एकदा नाही गेलेली, क्रू-१, इन्स्पिरेशन४, पोलारिस डॉन, फ्रॅम२, सगळ्यांत तीच कॅप्सूल. यातली क्रू-१ तर नासाची, खासगी नव्हेच. मग तुमचा पॅच कुठल्या फ्लाइटचा? तुम्हाला हवं ते पत्र मोहीम चालवणाऱ्या कंपनीचं किंवा त्या अंतराळवीराचं, त्यात मोहिमेचं नाव, वस्तूचं वर्णन, शक्यतो नंबर, आणि तिथून डीलरपर्यंत वस्तू कोणाकोणाच्या हातून आली त्याच्या पावत्या. पॅचची मागची बाजू फ्रेममधून काढून फोटो मागा. तसाच पॅच दुकानात नवा मिळतो, डोळ्यांनी फरक कळत नाही, सगळी किंमत त्या पत्राचीच आहे.

हिशोब बघा. ६ लाख ७ टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर टॅक्सआधी पावणेबारा लाखांच्या आसपास होतात. पॅच साडेपाचला घेतला तरी शिपिंग, कस्टम ड्युटी, आयजीएसटी धरून तुमचे सहाच्या वर जाणार, कुरिअरवाला ते भरल्याशिवाय पार्सल सोडत नाही. विकताना लिलावघराने २० टक्के कापले तर एफडीची बरोबरी करायलाच साडेचौदा-पंधरा लाखांचा भाव यायला हवा. आणि आईला उद्या अचानक हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं तर म्हापशात किंवा मडगावात हा पॅच कोण विकत घेणार? एफडी दुसऱ्या दिवशी मोडता येते.

शिवाय आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी येते आपल्याकडे, तर कापडी पॅच आणि शाईची सही कशी टिकणार? बाहेरच्या भिंतीवर टांगायचं नाही, सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा आणि शक्य असेल तर डिह्युमिडिफायर, त्याचं वीजबिल वेगळं.

मी काय करेन सांगतो. एफडी घराची म्हणून राहू दे. टर्म इन्शुरन्स आणि आईचा मेडिक्लेम आधी, तुमच्या मेलमध्ये दोन्हींचा उल्लेखच नाही आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. मग महिन्याला ३ हजारांची आरडी फक्त या नादासाठी, चवथीचा बोनस आला तर त्यातले थोडे त्यात. वर्षभराने ४० हजारांच्या आसपास हातात येतील, त्यात छोटी पण पक्क्या कागदाची वस्तू घ्या, परत विकायची नाही असं समजूनच. मुलाला दाखवायला काहीतरी आत्ताच हवं असेल तर ब्लू ओरिजिनची क्लब फॉर द फ्युचर संस्था मुलांची पोस्टकार्डं न्यू शेपर्ड रॉकेटमधून वर नेऊन शिक्का मारून परत पाठवायची; ती उड्डाणं २०२६ मध्ये थांबवली, तेव्हा सध्या पाठवतात का ते आधी बघा.

डीलरला आज एकच मेल टाका, फ्लाइट कुठली आणि मूळ पत्र कोणाचं. ‘लवकर घ्या, दुसरा गिऱ्हाईक आहे’ असं उत्तर आलं तर विषय सोडा. पत्राचं स्कॅन आलं तर मला पाठवा, मी वाचून बघतो.