जे अजून सापडलंच नाही, त्यावर पीएच.डी. करावी का?

शिरपूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. घर कापूस आणि पपईवर चालतं. मुलगी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजातल्या एका व्याख्यानात तिनं ‘क्वांटम स्पिन लिक्विड’बद्दल ऐकलं आणि आता त्यातच संशोधन करायचं म्हणते. मामांचं म्हणणं, बी.एड. करून मोकळी हो. वडील विचारतात, “पन्नास वर्षांत जे कुणाला सापडलं नाही, ते शोधायला पोरीला पाठवू का?”

राम राम आप्पा,

पन्नास वर्षांचा हिशेब बरोबर आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी ही कल्पना १९७३ मध्ये मांडली. काही पदार्थांत शेजारच्या अणूंचे चुंबक, म्हणजे स्पिन, एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करू पाहतात. चौकोनात ते जमतं. त्रिकोणात दोघांचं जमलं की तिसरा अडकतो. बहुतेक पदार्थ थंड झाल्यावर काहीतरी तडजोड करून एका मांडणीत बसतात. एखादा मात्र कितीही थंड केला तरी बसतच नाही, त्याचे स्पिन एकमेकांत गुंतलेले आणि हलते राहतात. तेच स्पिन लिक्विड. क्वांटम संगणकाला त्याचा उपयोग होईल म्हणून बराच गवगवा आहे, पण त्यावर मुलीचं आयुष्य ठरवू नका.

घोडं अडतं ते पुराव्यात. कपाशीची ओळ रिकामी दिसली तर बियाणं खोटं, पेरा खोल, की पावसानं ओढ दिली, हे नुसतं बघून कळत नाही. इथंही ‘मांडणी दिसली नाही’ एवढ्यानं भागत नाही. हर्बर्टस्मिथाइट नावाचं तांबं-जस्ताचं हिरवं खनिज घ्या. २००५ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत शुद्ध रूपात बनवलं. ०.०५ केल्विनपर्यंत, म्हणजे जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत (उणे २७३ अंश सेल्सियस), थंड केलं तरी त्यात मांडणी लागत नाही. पण जस्ताच्या काही जागांवर जास्तीचं तांबं शिरून बसतं, आणि मोजलेला सिग्नल मूळ पदार्थाचा की या घुसखोरांचा, यावर वाद अजून चालू आहे. रुथेनियम क्लोराइड या दुसऱ्या उमेदवाराची गोष्ट वेगळी. त्यात सुमारे ७ केल्विनला मांडणी लागतेच, ती चुंबकीय क्षेत्र लावून मोडावी लागते. त्यातल्या उष्णतेच्या वहनाचा, स्पिन लिक्विडची खूण म्हणून जपानी गटानं २०१८ मध्ये दिलेला आकडा सगळ्यांनाच तसा मिळालेला नाही.

म्हणून मुलीला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: रोजचं काम आवडेल का? पावडरी खलात घोटायच्या, दाबून गोळ्या करायच्या, भट्टीत ठेवायच्या, क्ष-किरणांनी तपासायच्या, आणि अशुद्ध निघालं की पुन्हा पहिल्यापासून. हर्बर्टस्मिथाइटचा न्यूट्रॉनच्या प्रयोगाला (न्यूट्रॉनचा झोत सोडून आतले स्पिन तपासायचे) चालेल असा स्फटिक वाढवायला एमआयटीत दहा महिने लागले, आणि हाती आला तो जेमतेम सात मिलिमीटरचा तुकडा. ज्याला फळ्यावरची गणितंच आवडतात, त्याला हे रटाळ वाटेल. त्यानं थिअरीकडे जावं, त्यात कमीपणा नाही.

स्पिन लिक्विड सापडलं नाही तर वर्षं फुकट गेली, असं मात्र होत नाही. ‘हा पदार्थ स्पिन लिक्विड नाही’ हे पक्कं दाखवलं तरी प्रबंध होतो. शिवाय स्फटिक वाढवणं, व्हॅक्यूम, द्रव हेलियमवरची मोजमापं हे हातातलं कसब दुसऱ्या पदार्थांनाही लागू पडतं. माझी खरी काळजी पुढची आहे. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, मग परदेशात किंवा इथं पोस्ट-डॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधन, आणि कायमच्या जागा मोजक्या. हे तिला आजच स्पष्ट सांगा. फेलोशिपचं म्हणाल तर नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. तिच्या शिक्षणासाठी शेत गहाण टाकायची वेळ येऊ नये.

तूर्त पीएच.डी.चा निर्णयच नको. आधी एम.एस्सी. फेब्रुवारीत होणारी ‘जॅम’ ही एम.एस्सी. प्रवेशाची परीक्षा देऊन आयआयटीत, नाहीतर आपल्या जळगावच्या विद्यापीठात. एम.एस्सी.नंतरही बी.एड. करता येतं, म्हणजे मामांचा रस्ता बंद होत नाही. एम.एस्सी.च्या उन्हाळ्यात तिनं एखाद्या प्रयोगशाळेत दोन महिने काढावेत. तुम्हाला मुंबई-पुण्याआधी इंदूर जवळ: आग्रा रोडनं सेंधव्यावरून सरळ. तिथल्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या संशोधन केंद्रात अतिशीत तापमानाची उपकरणं आहेत आणि विद्यापीठांतले लोक तिथं मोजमापं करायला येतात. न्यूट्रॉनचे प्रयोग मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर होतात. तिथं जायची पाळी नंतर येईल.

लग्नाचं तुम्ही शेवटच्या ओळीत हळूच विचारलंय. ते तिलाच विचारा, मला नको.

आणि तिला एवढं सांगा: प्राध्यापकांना ईमेल करताना ‘मला स्पिन लिक्विडची आवड आहे’ एवढंच लिहू नकोस. त्यांच्या गटानं कोणता पदार्थ बनवला ते वाच, त्यात न कळलेलं एक काहीतरी विचार, आणि भट्टीपाशी बसायची तयारी आहे हेही लिही. त्यांच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलांना किती वर्षं लागली, हे मात्र प्राध्यापकांना न विचारता त्या मुलांनाच विचार.